पांढऱ्या मिशांचे तिघे आणि दुकानदाराचा ब्लॉग

ताई, सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला एका खेड्यात किराणा दुकान चालवतो. वय ४८. थोरली मुलगी बेळगावात कॉलेजला आहे. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीत तिनं मला ब्लॉग काढून दिला. ‘पप्पा, गिऱ्हाइकांच्या गोष्टी आम्हाला सांगता, त्याच लिहा की,’ म्हणाली. लिहिल्या. कुणीतरी वाचल्या. तेव्हापासून जे लागलंय ते सुटेना.

साखर जोखताना डोक्यात मथळा चालू असतो. परवा अर्धा किलो मागणाऱ्याला दीड किलो बांधून दिली. माणूस प्रामाणिक, जास्तीची परत घेऊन आला, तर मी त्याच्यावरच लेख लिहिला. पावसाळ्यात आमच्याकडं लाईट जाते, मागोमाग रेंजही जाते. वरच्या टेकावर थोडी मिळते. मग दुकान उघडं टाकून, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन टेकावर जातो, किती जणांनी वाचलं ते बघायला. पोरांना ठाऊक झालंय. खालून ओरडतात, ‘काका, किती झाले?’ एका रात्री सिंगापूरहून चारशे जण येऊन गेलेले दिसले. आमच्या गावचं सिंगापूरला कोण आहे, ते घरोघरी विचारून झालं. कुणीच नाही.

एका गिऱ्हाइकाची उधारी वर्षभर थकली होती. नाव न घेता ‘पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या मिशांचे तिघे येऊन हिशेब चुकता करून गेले. ज्याच्यावर लिहिलं होतं तो त्यांत नव्हता. तो आता पुढच्या गावातल्या दुकानात जातो, आणि त्या तिघांतले दोघेही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

ऐंशीची आई मी फोन हातात घेतला की पदर सारखा करते आणि ‘वय लिहू नको हं’ म्हणते. कॉलेजची पोरगी म्हणते, ब्लॉगवर जाहिराती लावा, दुकानाला जोड होईल.

आणि एक सांगायचं राहिलं. मे महिन्यात वळीव आला तेव्हा आमच्या सौभाग्यवती अंगणातल्या मिरच्या गोळा करून धावत होत्या. जांभ्याच्या पायरीवर पाय घसरला. मिरच्यांचं सूप उडालं, त्या खाली बसल्या. मी हात द्यायच्या आधी फोटो काढला. ब्लॉगवर टाकला. आजवर सगळ्यात जास्त तोच बघितला गेला. जांबोटीच्या बाजारात बायकांनी त्यांना विचारलं, ‘पडलासा म्हणे?’ तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलायच्या आधी म्हणतात, ‘हे लिहायचं नाही.’

ब्लॉग बंद करू काय?

– एक दुकानदार

• • •

भाऊ,

तुमचं पत्र वाचताना मी मोठ्यानं हसले. सिंगापूरची घरोघरी चौकशी आणि पांढऱ्या मिशांचे तिघे या दोन्ही ठिकाणी थांबून पुन्हा वाचलं. मग मिरच्यांच्या सुपापाशी आले आणि हसू गेलं. ‘एक सांगायचं राहिलं’ म्हणून तुम्ही ते अगदी शेवटी लिहिलंय, पण तुम्ही पेन हातात घेतलं ते त्याच्यासाठीच, असं मला वाटतं. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

तो फोटो आज काढून टाका. ब्लॉगवरून, फोनमधून, जिथं जिथं पाठवला असेल तिथून. फोनमधून पुसला म्हणजे गेला असं धरू नका. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसल्यावरही बिनमध्ये, म्हणजे तिथल्या कचऱ्याच्या डब्यात, ६० दिवस पडून राहतो, ते बिनही रिकामं करावं लागतं. हे वहिनींच्या समोर बसून करा, आणि जमलं तर शेवटचं बटण त्यांनाच दाबू द्या. माफी मागाल तेव्हा दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत मागू नका. आणि मनापासून सांगते, त्या माफीवर लेख लिहू नका. लिहावासा वाटणार, मथळाही सुचणार. तेवढा एक प्रसंग तुम्हा दोघांचाच राहू द्या.

वहिनींना पडल्याचं फार वाईट वाटलं नसेल. आपल्याकडं पावसाळ्यात जांभ्याच्या पायरीवर कोण घसरत नाही? मिरच्या भिजल्या त्याचंही दुःख चार दिवसांचं. त्या खाली बसलेल्या असताना समोर नवरा उभा होता आणि तो मदतीला आला नाही, हे त्यांना लागलंय. वर तो फोटो ब्लॉगवर गेल्याचं बाजारातल्या बायकांना त्यांच्या आधी कळलेलं होतं. स्वतःच्या घरातली गोष्ट परक्या तोंडून ऐकावी लागणं, यात माणसाला फार एकटं वाटतं. म्हणून आता प्रत्येक वाक्याआधी ‘हे लिहायचं नाही’ येतं. ते वाक्य एका दिवसात थांबणार नाही. थांबेपर्यंत घरातलं काहीच लिहू नका. चांगलंही नको, कौतुकाचंही नको.

आता टेकाचं. आधी एक काळजीची गोष्ट सांगते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा असतात तेव्हा उघड्या टेकाच्या माथ्यावर उभं राहणं जिवावर बेतू शकतं. कुणी वाचलं का हे बघण्यासाठी तरी तिथं जाऊ नका.

तुम्हाला वाटतं की तुम्हाला लिहिण्याचं व्यसन लागलंय. मला तसं वाटत नाही. तुमच्या पत्रात तुम्ही टेकावर लिहायला जात नाही, आकडा बघायला जाता. या दोन सवयी एकाच फोनमध्ये राहतात म्हणून एकच वाटतात. लिहिण्याची ओढ तुम्हाला दुकानात, गिऱ्हाइकांच्यात आणते. आकड्याची ओढ तुम्हाला दुकान उघडं टाकून बाहेर काढते.

आकडा एवढा का ओढतो, याचा अभ्यास झालेला आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेले पुष्कळ प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध केले. कबुतरानं चोचीनं कळ टोचली की दाणे मिळायचे. कधी थोड्या टोचांनंतर, कधी कितीतरी टोचांनंतर, असे अंदाज बांधता येणार नाहीत अशा रीतीनं दाणे दिले, तेव्हा ती कबुतरं भराभर टोचत राहिली, आणि दाणे बंद झाल्यावरही पुष्कळ वेळ थांबली नाहीत. मलप्रभा नदीच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस जेवायची वेळ टळली तरी उठत नाही, त्याचंही कारण हेच. रोज ठरलेले पन्नास वाचक येते, तर तुम्ही कधीच टेकावर गेला नसता. कधी सात, कधी चारशे, म्हणून जाता.

आणि त्या चारशेंबद्दल. भाऊ, ते सिंगापूरचे चारशे बहुतेक माणसं नव्हती. इंटरनेटवर पानं चाळत फिरणारे प्रोग्राम असतात. कुणी शोधयंत्रासाठी पानं गोळा करतं, कुणी आणखी कशासाठी. ते एखाद्या रात्री एकदम येतात, सगळे लेख उघडतात आणि निघून जातात. ब्लॉगच्या आकड्यात त्यांतले कितीतरी माणसांसारखेच मोजले जातात. तुम्ही स्वतः दिवसातून जितक्या वेळा आपला ब्लॉग उघडता, त्याही भेटी त्यात धरलेल्या असू शकतात. गुगलच्या ब्लॉगर या सेवेत स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे, पण ती ज्या फोनवर, ज्या ब्राउझरमध्ये लावाल तेवढ्यापुरतीच चालते. मुलीला सांगून ती लावून घ्या. ब्लॉगच्या पानावर एकूण भेटींचा आकडा दाखवणारी पट्टी असेल तर तीही काढायला सांगा.

यापुढं आकडा मुलीनं बघायचा. ती रविवारी फोन करेल तेव्हा सांगेल, तेव्हाही आकडा सांगायचा नाही, कुणी काय लिहून कळवलं ते वाचून दाखवायचं. पहिले पंधरा दिवस हात शिवशिवेल. गिऱ्हाईक नसलं की फोन उचलाल. तेव्हा फोन आतल्या खोलीत आईच्या उशाशी ठेवा. दुकानात पैसे घ्यायला क्यूआर आहेच, त्यासाठी फोन गल्ल्यावर असायची गरज नाही. पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा बसवला असेल तर प्रश्नच मिटला.

आता पांढऱ्या मिशा. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण खेड्यात राहून लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. शहरात ‘पांढऱ्या मिशांचे गृहस्थ’ म्हटलं तर कुणाला काही कळत नाही. तुमच्या गावात ते नाव घेतल्यासारखंच आहे. उलट वाईट, कारण नाव घेतलं असतं तर एकाचीच अडचण झाली असती. नाव लपवल्यामुळं तिघांना वाटलं की दुकानदारानं आपल्यालाच चव्हाट्यावर आणलं. त्या तिघांची बाकी किती होती ते तुम्ही लिहिलं नाही. ती दहा-वीस रुपयांचीच असणार असं मला वाटतं, कारण बाकी मोठी असती तर एका लेखानं ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले नसते. ते पैशासाठी आलेच नव्हते. गावात आपली मान ताठ राहावी म्हणून आले होते.

उधारीची वही हा दुकानदाराकडं ठेवलेला विश्वास आहे. कोण कुठल्या महिन्यात तेल कमी नेतं, कुणाच्या घरी चहापावडर वाढली म्हणजे पाहुणे आलेत, कुणी तंबाखू सोडली, कुणी पुन्हा धरली, हे सगळं तुम्हाला माहीत असतं, कारण त्यांनी तुमच्या दुकानात यायचं ठरवलेलं असतं. ते लेखाला फार चांगलं आहे, हे मलाही दिसतं. तरी ते तुमचं नाही. जे दोघं नीट बोलत नाहीत त्यांच्या घरी स्वतः जा. ‘लेख तुमच्यावर नव्हता, पण तुम्हाला लागला, माझं चुकलं’ एवढंच बोला आणि चहा घेऊन या. ज्याच्यावर लिहिलं होतं त्याच्याकडंही जा. उधारीचा विषय तिथं काढू नका. तो लेख मात्र जाण्याआधी काढून टाका.

इथून पुढं ज्याच्यावर लिहाल, त्याला आधी वाचून दाखवा. मोबाईल पुढं करून ‘बघा’ म्हणू नका, तोंडानं वाचून दाखवा. तुमच्याकडं कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं येतातच. मराठीत लिहिलेलं त्यांच्यापर्यंत अर्धमुर्धं पोहोचतं आणि गैरसमज त्यातूनच वाढतात. त्यांना कन्नडमध्ये सांगा, आपण काय लिहिलंय ते. एखादी आज्जी म्हणेल, ‘नन बग्गे छलो बरीपा,’ माझ्याबद्दल चांगलं लिही बाबा. मग तुम्हाला दिसेल की वाचून दाखवताना तुम्ही स्वतःच काही वाक्यं गाळता. ती गाळलेली वाक्यं कायमची गाळा. आणि ती आज्जी मध्येच ‘तसं नव्हतं’ म्हणून खरं काय झालं ते सांगायला लागली, तर तुमचा लेख आणखी चांगला होईल.

तुम्ही दुवा पाठवला होता, त्यामुळं तुमचे बरेच लेख मी वाचले. साखर परत आणून देणाऱ्यावरचा लेख गोड आहे, पण घाईत लिहिलाय. सगळ्यात चांगला लेख तुम्ही पत्रात सांगितलाही नाही, कारण त्याला वाचक मिळाले नसावेत. काडेपेटीचा. जुलैत तुमच्याकडं काड्या सर्दतात, पेटत नाहीत, म्हणून तुम्ही काडेपेट्यांचं पुडकं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवता. गिऱ्हाईक आलं की कोपरापर्यंत हात तांदळात घालून एक पेटी काढता, ती झटकता, आणि पेटते का ते त्याच्यासमोर एक काडी ओढून दाखवता. एका संध्याकाळी लाईट नव्हती, सात-आठ माणसं पावसानं अडकून दुकानात उभी होती, आणि त्या एका काडीच्या उजेडात सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघितली. मला त्यात तांदळाचा वास आला. यात कुणाची उधारी नाही, कुणाचा पाय घसरलेला नाही. असं तुम्हाला लिहिता येतं, म्हणून ब्लॉग बंद करू नका असं मी म्हणते.

लिहिणं माणसाला बरं करतं, यालाही आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं होतं. आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या प्रसंगाबद्दल, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही, ज्यांनी लिहिलं त्यांना पुढच्या काही महिन्यांत वरवरच्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी वेळा आरोग्य केंद्रात जावं लागलं. ते लिखाण लोकांना वाचायला द्यायचं नव्हतं. कुणी वाहवा केली नाही, तरी गुण आला. तेव्हा गल्ल्याजवळ उधारीच्या वहीशेजारी दुसरी एक वही ठेवा. जे सुचेल ते आधी तिच्यात. आठ दिवसांनी वाचा. तेव्हाही चांगलं वाटलं तर ब्लॉगवर जाऊ द्या, नाही तर वहीतच राहू द्या. परवाच्या भांडणावरचे लेख आठ दिवसांत आपोआप गळतील.

आणि आई. तुमच्या ब्लॉगमुळं घरात एक माणूस नक्की खुश आहे. पदर सारखा करून बसलेल्या त्या माउलीकडं तुम्ही विषय म्हणून अजून नीट बघितलेलंच नाही. हिशेब करा. त्या ऐंशीच्या, म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा त्या शाळेच्या वयाच्या होत्या. पुढच्या वर्षी, १ एप्रिल १९५७ला आणे जाऊन नवे पैसे आले. १९५८पासून टप्प्याटप्प्यानं शेर जाऊन किलो आला. दोन-तीन वर्षांत राज्य, नाणं आणि माप, तिन्ही बदलायला लागलं. त्या काळी दुकानात पाठवलेल्या पोरीला चार आण्यांचे किती नवे पैसे, हा हिशेब कोण शिकवत होतं? सोळा आण्यांचे शंभर पैसे होतात, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. ते पाव पैसे दुकानदार कुणाच्या बाजूला धरायचा? शेरावर हात बसलेल्या बायकांनी किलोवर विश्वास कधी ठेवला? हे पुस्तकात सापडलं तरी तुमच्या गावचं सापडणार नाही. ते आईंच्या तोंडून घ्या. वय लिहू नका म्हणाल्यात, तर लिहू नका.

जाहिरातींचं थोडक्यात सांगते. मराठी मजकुरावर गुगलच्या जाहिराती चालतात, पण खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, आणि तुमच्या वाचकसंख्येला ते फार लांब आहे. शिवाय जाहिरात लावली की आकडा पुन्हा उशाशी येतो. सध्या नको. तेवढ्या वेळात बेळगावच्या रविवार पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्याशी गुळाच्या भावावर जरा घासाघीस केली तर दुकानाला जास्त जोड मिळेल.

तुम्हाला वाचक हवेत, यात काही गैर नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला हवे असतात. पण ते समोर बसलेले असले तर आणखी चांगलं, आणि त्या बाबतीत आपण बेळगावकडची माणसं नशीबवान आहोत. दिवाळीनंतर कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शेतकरी, शिक्षक, शाळेची मुलं, बायका मांडवात बसतात, आणि त्यांना आवडलं नाही तर ते उठून जातात. तिथं माणूस कुठं हसला, कुठं चुळबुळला, हे तुम्हाला समोर दिसेल. यंदा एखाद्या संमेलनाला वहिनींना आणि आईंना घेऊन जा, नुसतं ऐकायला. पुढच्या खेपेला कथाकथनात किंवा स्थानिकांच्या सत्रात थोडा वेळ मिळेल का, ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा. बेळगावात माल आणायला आलात की सार्वजनिक वाचनालयातही डोकावत जा. १८४८ सालची संस्था आहे, आणि दुकानदारानं तिथं तासभर बसून वाचलं तर कुणी काही म्हणत नाही.

वाचायला काडेपेटीचाच लेख घ्या. सुरुवातीला पावसाचं वर्णन दोन परिच्छेद झालंय, ते चार ओळींत आणा. तांदळाच्या डब्याला मात्र हात लावू नका. घरी घड्याळ लावून वाचून बघा, दहा मिनिटांच्या वर जायला नको, कारण तुमच्यानंतर आणखी दोघं-तिघं वाचायचे असतात आणि जेवणाची वेळ झालेली असते.